बोटभर पाण्याचे दौलतजी

दौलतजी कामडी कोणाचंही तोंड बघून मत बनवत नसत. बैलबाजारात सगळे शिंगं आणि दात बघत, तेव्हा हे शेपटीच्या बाजूला जाऊन उभे राहत. कॉलेजात नवे प्राचार्य आले त्या दिवशी आम्ही सगळे हार घेऊन समोर उभे होतो आणि दौलतजी मागच्या व्हरांड्यातून साहेबांची पाठ आणि बुटांच्या टाचा न्याहाळत होते. "कसे वाटले साहेब?" मी विचारलं. "टाच जराशी बी झिजली नाई," ते म्हणाले, "हा माणूस खुर्चीतून उठत नाई." आणि खरोखर, साहेब खुर्चीतून उठले ते बदलीचा कागद हातात घेऊनच.

ही पारख मी त्यांच्याकडून शिकायला हवी होती. शिकलो नाही. शिकलो असतो तर आज हे लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

आमची पहिली भेट परीक्षेत झाली. पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात मी बीएस्सी करत होतो, म्हणजे वडिलांचं समाधान करत होतो. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झालेला नव्हता आणि मीही कोणी झालेलो नव्हतो. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात स्पॉटिंग असतं. टेबलांवर ओळीनं नमुने मांडतात, घंटी वाजली की पुढच्या नमुन्यापाशी सरकायचं आणि समोर काय आहे ते ओळखून लिहायचं. सातव्या नंबरला चिनीमातीच्या पांढऱ्या थाळीत, थोड्याशा पाण्यात, बोटाच्या पेराएवढं काहीतरी मातकट पडलं होतं. पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंड कुठलं तेही कळेना. मी 'केंचुआ' लिहून टाकलं, कारण आमचे पेपर हिंदीत असत आणि गांडुळापलीकडे माझी अक्कल जात नव्हती. तेवढ्यात थाळीतलं पाणी बदलायला आलेला खाकी शर्टातला एक माणूस माझ्याकडे न बघताच पुटपुटला, "तोंड कायले शोधतं? थे तोंड आत वढून बसते. बुड पाह्य, बुड."

मी सुईनं ते हलकेच फिरवलं. मागच्या टोकाला एक गोल चकती होती, चकतीत दोन काळे ठिपके आणि भोवती मांसाची सहा बारीक बोटं. डोळे आणि केस असलेला एक छोटा चेहराच तो. मला हसू फुटलं. बाहेरून आलेले परीक्षक ओरडले, "हँसने की क्या बात है?" मी मान खाली घातली आणि 'केंचुआ' खोडून 'क्रेनफ्लाय का लार्वा' लिहिलं. नाव दौलतजींनी सांगितलं नव्हतं, ते मला वहीतून आठवलं. त्यांनी फक्त कुठे बघायचं तेवढं सांगितलं होतं. आयुष्यभर ते एवढंच करत आले.

ते प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर म्हणजे काचा धुणारा, थाळ्या मांडणारा, प्राध्यापकांसाठी चहा सांगणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक नापास. पण बेडूक, खेकडे, किडे, जळवा, जे काही त्या खोलीत यायचं ते त्यांच्याच हातून यायचं आणि ते काय आहे हे त्यांनाच ठाऊक असायचं. प्राध्यापक वर्गात पुस्तकातलं चित्र दाखवून निघून जायचे. मग दौलतजी हळूच म्हणायचे, "चित्रातली अळी कधी हालत नाई नं बाबू. हालनारी वळखता आली पाह्यजे."

त्या खोलीत त्यांनी स्वतःचं एक कपाट राखलं होतं. आत औषधांच्या रिकाम्या शिश्या, लोणच्याच्या बरण्या, इंजेक्शनच्या चिमुकल्या बाटल्या. प्रत्येकीत एकेक जीव आणि प्रत्येकीत आतल्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. शाई स्पिरिटमध्ये पळते, पेन्सिल पळत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. चिठ्ठीवर नेहमी तेच लिहिलेलं असायचं: काय आहे, कुठलं आहे, कोणी आणलं. आणि खाली कोपऱ्यात एक शब्द, 'पक्की' किंवा 'कच्ची'. ओळख पक्की की कच्ची. एका बाटलीवर मी तीन वर्षं 'कच्ची'च वाचलं. एका सरांनी एकदा वैतागून म्हटलं, "दौलत, लिहून टाक ना पक्की, कोण बघतंय?" दौलतजी हसले, पण चिठ्ठी बदलली नाही. सर गेल्यावर मला म्हणाले, "तोंडानं मानूस काही बी बोलते, इलाज नाई. पन चिठ्ठीवर खोटं नोको लिहू. आपून मेल्यावर बी चिठ्ठी बोलत राह्यते."

त्यांचं गाव रामाकोन्याकडे. गावाचं नाव मी घेत नाही, तिथल्या लोकांना आणखी कशाला दोष द्या, दोष द्यायला मी आहे. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले. गावाखालून एक नाला जातो. उंबर आणि करंजाच्या सावलीत तो एका सपाट खडकावर पसरायचा आणि तिथं पाणी बोटभर उरायचं. पानं पडून त्यात कुजत. नळाला पाणी नसलं की तिथंच काठाच्या वाळूत झिरा खणून बाया हंडे भरत. त्या बोटभर पाण्यावर दौलतजींनी तीस वर्षं नजर ठेवली होती. नोकरीत असतानाही दर रविवारी घरी येत ते बायकोसाठी की नाल्यासाठी, हा सुभद्राकाकूंचा ठरलेला टोमणा होता. "माही सवत पान्यात राह्यते," त्या म्हणायच्या, "अन् तिले पाय बी नाई." त्यांना मूलबाळ नव्हतं. आलागेला माझ्यासारखाच कोणी.

मी तोवर सौंसरला आरोग्य खात्यात लागलो होतो, मलेरियाच्या कामावर. हातात टॉर्च, खांद्यावर पंप, पाठीशी रजिस्टर. कुंड्या, टाक्या, डबकी बघायची, डासांच्या अळ्या दिसल्या की औषध टाकायचं. ही बातमी सांगायला मी पेढे घेऊन गेलो तेव्हा दौलतजींनी पेढा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मंग तू अळ्या मारायच्या नोकरीले लागला म्हन." मी ओशाळलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि बोट उगारून म्हणाले, "हरकत नाई. पन वळखून मारजो बाप्पा. न वळखता नोको मारू."

रविवारी मी सौंसरहून मोटरसायकल काढून त्यांच्याकडे जायचो. धोतर खोचून ते पाण्यात उकिडवे बसत. कुजलेल्या पानांचा एक गठ्ठा उचलत, पांढऱ्या थाळीत अलगद धूत आणि मग नुसते बसून राहत. मी चुळबुळ करायचो. "घाई केली तर गाळ दिसते," ते म्हणत, "थांबलं तर जीव दिसते." पाच मिनिटांनी गाळातून खरंच काहीतरी सरकायचं. मग माझी परीक्षा सुरू. जळू दोन्ही टोकांनी चिकटून वीत टाकत चालते. डासाची अळी झटके देते. लाल दोऱ्यासारखी असते ती वेगळी. दोन्ही टोकं निमुळती आणि अंगावर वेढे असले तर ती गोमाशीची, तिला हात लावू नको, चावते. आणि जिला पाय नाहीत, कातडं चामड्यासारखं चिवट, तोंड आत ओढलेलं, मागं सहा बोटांची चकती, ती आपली. तिची पुढे माशी होते, डासासारखीच पण डासाच्या चौपट, सुतासारख्या लांब पायांची. दौलतजी तिला लांबटांगी म्हणत. लोक तिला मोठा मच्छर समजून चपलेनं मारतात. ती बिचारी कुणाला चावत नाही, तिला चावताच येत नाही.

"पण काका, उपयोग काय हिचा?" मी एकदा विचारलं. चिडले. ते क्वचित चिडत. "उपयोग? अबे, थे पानं खाते. पानं कोनी खाल्ले नाई तर सडतीन, पानी वास मारीन. ह्या नाल्याची झाडझूड कोन करते? ग्रामपंचायत करते का? तुह्या खात्याचे लोक करते का? अन् वरतून इचारतं उपयोग काय!" मग शांत होऊन म्हणाले, "मागच्या बोटांनी थे वरची हवा घेते. म्हनून तिले बोटभर पानी लागते. जास्त पानी झालं तर गुदमरते. आपल्याले समजतच नाई नं, की कोनाले कमी बी पुरते."

पुढे त्यांचे डोळे गेले. काचबिंदू होता. नागपूरला दाखवायला मी दोनदा म्हटलं, ते दोनदा हो म्हणाले आणि गेले नाहीत. "संत्र्याचा बार आला की जाऊ," म्हणायचे. स्वतःची संत्र्याची बाग नव्हती हो त्यांची, नुसतं म्हणायची सवय. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धुरकट झालं. नाल्यावर जाणं मात्र सुटलं नाही. काकू हात धरून नेत, थाळी भरून देत. दौलतजी तर्जनी पाण्यात सोडत आणि अळी बोटाला लागली की तिच्या मागच्या टोकावरून नख न लावता बोट फिरवत. "हेच," म्हणत. मी शेजारी बसून बघायचो. एकदाही चुकले नाहीत.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. सांगायला लागतंच.

गावात भागाबाई नावाची एक म्हातारी आहे, नव्वदीच्या घरातली. लहानपणी तिच्या माहेरच्या बावडीच्या पाण्यानं तिला नारू झाला होता. पायातून हातभर दोरा निघायचा, रोज थोडाथोडा काडीला गुंडाळून ओढायचा, असा तो रोग. आता देशात नारू उरलेला नाही, पण तिच्या पायावर तो डाग आहे आणि डोक्यात ती भीती. त्या उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येई. सुनेनं झिऱ्याचं पाणी हंड्यात भरून आणलं, न गाळता ओतलं, आणि लोट्यात एक लांबटांगीची अळी आली. म्हातारीनं बोंब ठोकली, "नारू आला वं माय! नारू आला!" कोणीतरी मोबाइलवर त्या अळीचं शूटिंग केलं. अळी आपली मागची चकती फाकवून हवा घेत होती. तासाभरात तो व्हिडिओ सौंसर, मोहगाव, पांढुर्णा सगळीकडे फिरला. दोन पोरांना आधीपासून ताप होताच. झालं, तापाचं कारण सापडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लॉकचे साहेब जीपमधून आले आणि मागून मी, औषधाचे डबे आणि पंप घेऊन. नाल्याच्या काठी अर्धं गाव जमलेलं. दौलतजी आधीच पाण्यात उभे होते, घोट्याएवढ्याही नसलेल्या पाण्यात, हातात थाळी. काकू त्यांचा खांदा धरून.

"साहेब," दौलतजी म्हणाले, "नारू पान्यात दिसत नाई जी. थो मानसाच्या पायातून निघते. पान्यात त्याचे इतके बारीक जीव राह्यते की डोळ्याले दिसत नाई. हे थे नाई. हे पानं खानारं आहे, कोनाले काही करत नाई. हे पाहा, बुडाले सहा बोटं. नारूले असं काही राह्यते का?" त्यांनी थाळी पुढे केली, पण साहेब उभे होते ती बाजू सोडून भलत्याच बाजूला केली. लोकांत खसखस पिकली. कोणीतरी मागून बोललंच, "इनको तो खुद दिखता नहीं."

दौलतजींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला नाही, उलट उजळला, कारण त्यांना वाटलं की यावर त्यांच्याकडे उत्तर आहे. "मले नाई दिसत, खरं आहे," ते म्हणाले. "माह्या डोळ्याले नोको माना. थो विलास आहे नं तुमच्याच खात्याचा, त्याले इचारा. त्याले म्या शिकवलं. विलास, सांग बाप्पा."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी वाकून थाळीत पाहिलं. एवढी स्वच्छ अळी मी परीक्षेतही पाहिली नव्हती. चकती, दोन ठिपके, सहा बोटं. आंधळ्यानंही ओळखली असती आणि ओळखलीच होती.

साहेब म्हणाले, "बोलो विलास. लिखकर दे सकते हो? कल को किसी बच्चे को कुछ हो गया तो तुम्हारी जिम्मेदारी."

काय सांगू, लिहून द्यायचं होतं. मी नुकताच कायम झालो होतो. त्या दोन पोरांचा ताप दिसला, निलंबनाचा कागद दिसला, घरी बायको-पोर दिसली. म्हटलं, एक अळी तर आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "पक्का नहीं कह सकता, सर."

नालायक माणूस मी. दुसरा शब्दच नाही.

 दौलतजींनी थाळी काकूंच्या हातात दिली आणि माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून क्षणभर उभे राहिले. मग काकूंना म्हणाले, "चाल. पोराले काम करू दे." मी काम केलं. साहेबांनी दुप्पट मात्रा सांगितली, मी दुप्पट टाकली. वरून लोकांनी जळकं ऑइल ओतलं आणि पंचायतीनं ब्लीचिंगची अख्खी पोती. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या खडकावर सगळं उलटं पडलं होतं, चिमुकले मासे, चतुराच्या अळ्या, गोगलगायी, आणि आपल्या त्या मातकट अळ्या, ढिगानं. पोरांचा ताप मात्र टायफॉइड निघाला. वस्तीजवळच्या फुटक्या पाइपातून आला होता, नाल्यातून नाही.

काकूंनी पाण्यातून निघताना थाळीत आणखी वेचून नऊ अळ्या घरी आणल्या होत्या. घमेल्यात पाणी आणि पानं घालून अंगणात कडुनिंबाखाली ठेवल्या. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. चौथ्या दिवशी घमेल्यातलं पाणी तापलं आणि सगळ्या गेल्या. काकू मला एवढंच म्हणाल्या, "त्यायले सांगू नोको. मी जित्या आहेत म्हनून सांगतलं." पण घमेल्यात बोट घालून बघणाऱ्या माणसाला काय सांगणार आणि काय लपवणार.

माझं जाणं मी बंद केलं नाही. तोंड दाखवायला लाज वाटायची, पण न जाण्याची लाज जास्त होती. ते रागावतील, शिव्या घालतील, निदान एकदा विचारतील, काऊन बे असं केलं, याची मी वाट बघायचो. त्यांनी कधीच विचारलं नाही. दर वेळी एकच प्रश्न असायचा, "आल्या का?" मी म्हणायचो, नाही अजून. "येतीन," ते म्हणायचे. "उडनारी जात आहे. वरच्या बाजूनं येतीन, अंडे टाकतीन. पावसाळा जाऊ दे."

पावसाळा गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाला खोल करायचं काम निघालं. जेसीबी आला, उंबर आणि करंज गेले, खडक फोडला, आणि तिथं दोन पुरुष खोल चर झाला. त्यात पाणी छान साठतं. पाटीही लावली आहे. मी दौलतजींना हे सांगितलं नाही, पण मशीनचा आवाज घरापर्यंत येत होता. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कितकं खोल केलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आता येनार नाई." त्यानंतर "आल्या का?" हा प्रश्न बंद झाला. मला वाटलं होतं तो प्रश्न ऐकणं हीच शिक्षा आहे. तो बंद झाल्यावर कळलं शिक्षा काय असते.

त्या दिवाळीनंतर ते अंथरुणाला खिळले. पडले, कमरेचं हाड मोडलं, मग छातीत कफ. जेवण सुटत गेलं. फाल्गुनात काकूंचा फोन आला, "ये एकडाव. काही तरी मांगून राह्यले तुले." मी गेलो. पार काडी झाले होते. माझा हात चाचपून म्हणाले, "विलास, एक आनून दे. हातावर ठेव. नाल्याची पाह्यजे. बस, मंग काही मांगत नाई."

चार दिवस मी शोधत होतो. नाला वरपर्यंत चालून आलो, तोही खोदलेला, चरामागून चर. कन्हान नदीच्या काठाला बघितलं. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या गर्दीतून गाडी काढून त्या बाजूचे ओढे पाहिले, काही सुके, काही संत्र्याच्या बागांतल्या फवारणीनं वास मारणारे. मोहगावच्या बाजूला एका ठिकाणी बोटभर पाणी सापडलं, त्यात प्लास्टिक होतं. पानांचा गठ्ठा उचलायचा, धुवायचा, थांबायचं. पाच मिनिटं काय, अर्धा अर्धा तास थांबलो. गाळ गाळच राहिला. शेवटच्या दिवशी काकूंचा पुन्हा फोन, "आज ये, उद्याचं काही सांगता येत नाई." सौंसरच्या बाहेर म्हशी लोळतात त्या डबक्याच्या काठच्या चिखलात मला एक अळी दिसली. मातकट, बिनपायाची, पेराएवढी. दोन्ही टोकं निमुळती होती. मला ती कोणाची ते कळत होतं. हो, कळत होतं. मी बाटलीत घातली आणि निघालो. म्हटलं मरणाऱ्या माणसाची बोटं, त्यांना काय कळणार.

"आनली?" त्यांनी विचारलं. "आणली काका. आपल्या नाल्यातली." मी तळहातावर थोडं पाणी घालून ती ठेवली. त्यांनी दुसऱ्या हाताची तर्जनी तिच्यावरून सरकवली. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधेच बोट झटकन उचललं गेलं आणि परत टेकलं.  काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या.

"हाव," दौलतजी म्हणाले. "थेच आहे." मग माझ्या बाजूला मान वळवून, "कुठं होती रे? वरच्या अंगाले?" मी म्हटलं, "हो, वरच्या अंगाला. अजून असतील तिथं." "असतीन," ते म्हणाले. "बरं झालं. लय पायपीट केली तू. जा आता, घरचे वाट पाहून राह्यले असतीन." त्यांचा आवाज इतका मऊ होता की परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला लावून रडलो, आणि खरं सांगतो, त्या रडण्यात थोडं सुखही होतं. वाटलं, एका खोट्यानं का होईना, फिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेराव्याला काकूंनी मला आत बोलावलं आणि कपड्याच्या घडीतून एक इंजेक्शनची बाटली काढून हातावर ठेवली. "तुह्यासाठी ठेवाले सांगतलं," त्या म्हणाल्या. "तू गेला नं, त्यानंतर मले पेन्सिल आनाले लावली. येक येक शबूद सांगून लिवून घेतलं. मले समजलं नाई, त्यायनं जसं सांगतलं तसं म्या लिवलं."

बाटलीत ती अळी होती. मी चिठ्ठी काचेतूनच वाचली. काकूंचं सातवी पास, मोठं, तिरकं अक्षर.

'गोमाशीची अळी. दोन्ही टोकं निमुळती. चावली. म्हशीच्या पाण्याचा वास. आपल्या नाल्यातली नाही. आणणारा विलास.'

आणि खाली कोपऱ्यात, त्यांच्या नेहमीच्या जागी: 'पक्की.'

ती बाटली माझ्या ऑफिसच्या टेबलावर असते. नवीन लागलेली पोरं विचारतात, सर, हे काय आहे? मी सांगतो, गोमाशीची अळी. ती म्हणतात, नक्की का सर? मी चिठ्ठीकडे बोट दाखवतो. स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला मला अजून जमत नाही.